हशाच्या आधी हसणारा

आधी माफी मागतो. आमच्या घरात पेन धरणारा मी पहिला. वडील सही करतात, पण सही करताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असतात. आई अंगठा उठवते. अशा घरातल्या मुलानं ललित लेख लिहायला बसावं, आणि तोही विलायती विनोदावर, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. पण वार्षिक अंकासाठी यंदा ‘विनोद’ हा विषय दिला आहे. वर्गातली हुशार मुलं नाटकांवर लिहितील, मोठमोठ्या लेखकांवर लिहितील. मला लिहिता येईल ते फक्त एका मालिकेबद्दल. ती मी एका हंगामात, दुसऱ्यांच्या टीव्हींवर, बहुतेक न समजता पाहिली. आणि लिहिता येईल एका मित्राबद्दल. त्याला ती समजत होती म्हणून मी त्याच्यावर जळत होतो.

जळत होतो, हाच शब्द बरोबर आहे. मत्सर हा शब्द निबंधात शोभतो. माझं जे होतं ते गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड टाकावं तसं होतं. टाकलं की भडकायचं, आणि विझायच्या आत दुसरं टाकायला काहीतरी मिळायचंच.

लेख छापण्याजोगा वाटला तर एकच विनंती आहे. अंकाची एक प्रत मला जयसिंगपूरला पाठवायची आहे. ती जरा आधी मिळाली तर बरं.

पुन्हा संमेलनाचे दिवस आले आहेत. सकाळी पंचगंगेवरून धुकं उठतं आणि वारं तिकडून असेल तर आमच्या खोलीपर्यंत काकवीचा वास येतो. उसाच्या गाड्या रांगेनं जातात आणि रस्त्यावर पडलेल्या वाड्यावर, उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, सायकली घसरतात. कॉलेजात तास होतात, पण नावालाच. जिन्याखाली पेटी-तबला चाललेला असतो, मुली रांगोळीचे रंग चाळत बसतात, आणि कुठल्या तरी वर्गात कुणीतरी एकच वाक्य पंचवीस वेळा वेगवेगळ्या आवाजात म्हणत असतो. गेल्या वर्षी हे दिवस आले तसा मी गावाकडं पळालो. गडहिंग्लजची एस.टी. धरली, आणि सुगीला माणूस कमी पडतंय असं सरांना सांगितलं. यंदा पळता आलं नाही. एम.ए.ला आलो म्हणून संमेलनाच्या समितीत माझं नाव घातलं, आणि समितीनं फिशपाँडची पेटी माझ्याच टेबलावर आणून ठेवली.

बुटांच्या खोक्याला गुलाबी घोटीव कागद चिकटवलेला, वर चिठ्ठी जाईल एवढी फट. ज्याला ज्याची चेष्टा करायची आहे त्यानं ती लिहून, खाली स्वतःचं नाव न घालता, फटीतून आत टाकायची. संमेलनाच्या दिवशी एकजण स्टेजवरून त्या चिठ्ठ्या वाचतो. ज्याचं नाव येईल त्यानं जागेवर उभं राहायचं आणि सगळ्या हॉलचं हसू अंगावर घ्यायचं. रडायचं नाही, चिडायचं नाही. चिडला तो हरला. आपल्याकडं सगळ्याच कॉलेजांत हे चालतं, आणि मला वाटतं विलायती मालिकेत मी जे पाहिलं त्याच्या सगळ्यांत जवळ आपल्याकडं हीच एक गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्याच फटीतून मी एक चिठ्ठी टाकली होती. त्यानंतर रशीद कॉलेजात आला नाही. माझ्यामुळं त्याचं कॉलेज सुटलं का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, ह्याच भीतीनं.

रशीद मोमीन माझा कोल्हापुरातला पहिला मित्र. त्याच्या वडिलांचं राजारामपुरीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणायचो. चाचांच्या कामाची एक रीत होती. सेट दुरुस्त झाला तरी गिऱ्हाइकाला लगेच द्यायचा नाही. चार दिवस चालवून बघायचा. “गरम हुंदे त्येला,” ते म्हणायचे. “गार असताना समदीच गुणी असत्यात. गरम झाल्यावर खोड काढतोय का बघू.”

त्यामुळं रशीदच्या घरी स्वतःचा टीव्ही नव्हता आणि तरी कायम टीव्ही होता. दर रविवारी जेवणं झाल्यावर मी जायचो तेव्हा स्टुलावर वेगळ्या घरचा सेट असायचा. कुणा डॉक्टरांचा, लाकडी सरकत्या दारांचा. कुणाचा क्रोशाच्या रुमालासकट आलेला, तो रुमाल रशीदची आई घडी घालून जपून ठेवायची. प्रत्येक सेट गरम झाला की आपापल्या घरचा वास सोडायचा. एकाचा उदबत्तीचा, एकाचा तंबाखूचा. एका सेटवर सगळी माणसं बुटकी दिसायची, दुसऱ्यावर डोकी वरच्या बाजूला निघून जाऊन खालून परत यायची. ती विलायती मालिका मी अशी दहा-बारा घरांच्या टीव्हींवर पाहिली, त्या घरांतल्या कुणालाही न ओळखता.

मालिका एका शिंप्याच्या दुकानाची होती. इंग्लंडातलं लहानसं, सारखं पाऊस पडणारं गाव. दोन भाऊ. थोरला उंच, काठीसारखा, तोंडावर कायम एखाद्याला टाचणी टोचल्याचा आनंद. धाकटा गुबगुबीत आणि भला. वर माडीवर आई, ती कधी दिसायचीच नाही, नुसती काठी आपटायची. थोरल्यानं धाकट्याला छळायचं, धाकट्यानं छळून घ्यायचं, एवढीच गोष्ट. आणि प्रत्येक छळानंतर, कुठूनतरी, शेकडो माणसांचं हसू यायचं.

हे हसणारे दिसत मात्र नव्हते. पहिल्या रविवारी मला वाटलं दुकानाबाहेर गर्दी जमली आहे. चाचांनी सांगितलं, “टेप हाय ती. हसायचं कुठं त्ये तुमास्नी कळावं म्हणून.” मला ते फार बरं वाटलं. परीक्षेत कुणीतरी उत्तराखाली रेघ मारून द्यावी तसं. मी ठरवून टाकलं: तिकडं हशा झाला की हसायचं. वाक्य कळो न कळो.

रशीद हशाच्या आधी हसायचा.

थोरला भाऊ नुसता भुवई उचलायचा, अजून तोंडही उघडलेलं नसायचं, आणि रशीद फुटायचा. मग त्या टेपेतले शेकडो इंग्रज हसायचे. मग मी. मी नेहमी शेवटचा, एस.टी. सुटल्यावर धावणाऱ्यासारखा. रशीद टीव्हीला अगदी चिकटून बसायचा, थोडा बाजूला, एक हात सेटच्या लाकडावर ठेवून. बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मला वाटायचं, मालकी दाखवतोय. सेट त्याचा नव्हता, पण हात तर त्याचा होता.

मला एक खोड होती, अजून आहे. इंग्रजी ऐकताना माझे ओठ हलतात. ऐकलेलं वाक्य मी मनातल्या मनात पुन्हा म्हणतो, शब्द सुटे करून, तांदळातले खडे वेचावे तसे. वर्गात मुलं ‘जप चाललाय’ म्हणायची. रशीद कधी म्हणाला नाही, पण तो माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. आणि मालिका संपली की विचारायचा.

“मारुत्या, थोरला शेवटाला काय म्हणाला रे?”

“तुला कळलं की. हसलास न्हवं मगाशी?”

“आरं सांग की मर्दा. तुझ्या तोंडानं बरं वाटतंय.”

मग मी सांगायचो. एकेक शब्द, चाचपडत, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. तो माझ्या तोंडावरची नजर काढायचा नाही, आणि त्याच्या डोळ्यांत एक हसू असायचं. तो माझी तोंडी परीक्षा घेतोय ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी ती परीक्षा दर रविवारी द्यायचो, कारण टीव्ही त्याच्याकडं होता.

त्या मालिकेतला एक भाग मला अजून जसाच्या तसा दिसतो. एक म्हातारा गिऱ्हाईक येतो. त्याला स्वतःला पुरताना अंगावर घालायचा सूट शिवून हवा असतो. थोरला त्याची मापं घेतो. म्हातारा आजारी, दर आठवड्याला पुन्हा येतो, आणि दर वेळी टेप थोडी आत जाते. थोरला खूश. कापड वाचतंय. शेवटी तो म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “आणखी दोन आठवडे धीर धरा, वेस्टकोट फुकटात बसवतो.” त्यावर हशाचा असा लोंढा आला की सेटची जाळी थरथरली. रशीद आधीच डोळे पुसत होता.

मला हसू आलं नाही. मला आमचा आज्जा आठवला. सीमेकडची आमची बोली, आजोबाला आम्ही आज्जाच म्हणतो. शेवटच्या वर्षी तो असाच आत आत चालला होता, आणि माझी आई दर महिन्याला त्याची बंडी उसवून अरुंद करायची. न बोलता, दारात उजेडाला बसून. एकदा बंडी अंगात घालून आज्जा खाली बघत म्हणाला, “पोरी, आता कशाला शिवत बसतीस? पुढच्या म्हैन्यात मारुतीची घाल मला. त्यो तेवढा वाढंल, मी एवढा कमी हुईन, मधी कुठंतर गाठ पडंल.” आणि दात नसलेल्या तोंडानं खूप हसला. आई उठून आत गेली. मी हसलो नव्हतो. मी आठ वर्षांचा होतो आणि मला वाटलं होतं की हसलं तर पाप लागेल.

टीव्हीसमोर बसून मला पहिल्यांदा असं वाटलं की आज्जाला हा विनोद कळला असता. इंग्रजीचं एक अक्षर न येता कळला असता, रशीदसारखा, हशाच्या आधी. मग मलाच का कळत नाही? मी एवढं शिकून नेमका कुठल्या दाराबाहेर उभा आहे? खरं सांगायचं तर त्या रविवारी मी मेलेल्या आज्जावरही जळलो.

आणि मग इंग्रजीच्या सरांनी त्यात तेल ओतलं. ते वर्गात एक उतारा वाचत होते. पहिल्या बाकावर रशीद, तो कायम पहिल्याच बाकावर बसायचा, सरांच्या अगदी तोंडासमोर. सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि रशीद हसला. वाक्य संपायच्या आत. सर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, “व्याकरण सगळ्यांना येतं. विनोद कळणं हे भाषा आल्याचं लक्षण. ह्या मोमीनकडं बघा.” मी बघितलं. मला त्याच्या शर्टाची कडक कॉलर दिसली, आणि तिच्यावरची मान. मागं न वळणारी मान.

मागं न वळणं ही त्याची दुसरी खोड. मागून हाक मारली तर रशीद वळायचा नाही. व्हरांड्यात तीन-तीनदा ओरडलो तरी सरळ चालत राहायचा. समोर जाऊन उभं राहिलं की मग, “आरं, तू व्हय!” म्हणून गळ्यात हात टाकायचा. मी ह्याचा अर्थ लावला होता. शहरात जन्मलेला, बापाचं दुकान असलेला, सरांनी नावाजलेला. त्यानं का वळावं? हाक मारणाऱ्यानंच समोर यावं. मनातल्या मनात मी त्याला नवाब म्हणायला लागलो.

विलायती मालिकेतली एक गोष्ट मला हळूहळू उमगली, ती सांगितली पाहिजे. त्यात कुणी कुणाची माफी मागत नाही. थोरल्यानं कितीही वाईट केलं तरी शेवटी संगीत वाजतं, नावं येतात, आणि पुढच्या रविवारी धाकटा पुन्हा त्याच स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत असतो. मागचं काही शिल्लक राहत नाही. आपल्या गोष्टींत वाईट वागणाऱ्याचं काहीतरी होतं. निदान पश्चात्ताप तरी होतो. तिथं काहीच होत नव्हतं. आधी मला ते भयंकर वाटायचं. मग सोयीचं वाटायला लागलं. माणसाला असं टोचता येत असेल, आणि आठ दिवसांनी सगळं पहिल्यासारखं होत असेल, तर त्यात वाईट काय?

संमेलनाच्या आदल्या रविवारी जो भाग लागला त्यात थोरला एका बाईच्या नावानं धाकट्याला खोटं पत्र लिहितो. मी येते, स्टेशनवर ये. धाकटा नवा कोट घालून, फुलं घेऊन स्टेशनवर जातो. एक गाडी येते, दुसरी येते. थोरला खांबाआडून बघतोय. शेवटी धाकटा बाकावर बसतो, टोपी काढून मांडीवर ठेवतो, आणि फुलं टोपीत ठेवतो. हशा सुरू झाला. मी हसलो. ह्या वेळी खरंच हसलो, आणि अगदी वेळेवर. मग वळून पाहिलं तर रशीद हसत नव्हता. तो उठला आणि काही बिघडलेलं नसताना सेटमागं जाऊन वायर हलवत बसला.

“काय झालं रे?” मी विचारलं. त्याचं लक्ष नव्हतं. मी सेटला वळसा घालून त्याच्यासमोर गेलो आणि पुन्हा विचारलं.

“काय न्हाय,” तो म्हणाला. “त्येचं त्वांड बघवंना.”

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. पहिल्यांदाच मी हसलो होतो आणि तो मागं राहिला होता. खोलीवर आलो, वहीचं पान फाडलं आणि डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, लिहिलं:

‘रशीद मोमीन यांस कुणी मागून हाक मारू नये. नवाबसाहेब वळत नाहीत. समोर यावं, वाकून मुजरा करावा, मगच उत्तर मिळेल.’

संमेलनाच्या दिवशी पुढची रांग पाहुण्यांसाठी राखलेली होती, म्हणून रशीद आणि मी बरेच मागं बसलो होतो. भिंतीला टांगलेला कर्णा खरखरत होता. शेवटच्या वर्षाचा एक मोठ्या आवाजाचा मुलगा चिठ्ठ्या वाचत होता. रशीद आजूबाजूला बघून हसत होता; त्या दिवशी तो हशाच्या नंतर हसत होता, हे मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी ते सोडून दिलं.

माझी चिठ्ठी आली. हॉल हसला. माझं काहीतरी ऐकून एवढी माणसं हसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. कानशिलं तापली. मग रीतीप्रमाणं वाचणारा म्हणाला, “रशीद मोमीन, उभे राहा!”

रशीद बसून होता.

“रशीद मोमीन!”

तो शेजारच्या रांगेतल्या कुणाकडं तरी बघून हसत होता. सगळा हॉल हसून कोसळला. मुलं बाकांवर हात बडवायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “मुजरा करा रे आधी! त्याशिवाय उठायचा न्हाय त्यो!” चार-पाच जण खरोखर उठून वाकून मुजरा करायला लागले. कुठल्याही मालिकेत कुणी इतका नेमका प्रसंग लिहिला नसता. माझा विनोद माझ्या डोळ्यांदेखत खरा होत होता.

मी रशीदच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. “तुझं नाव घेतलंय,” मी म्हणालो. “उभा ऱ्हा.”

तो लगेच उठला. छातीवर हात ठेवून चारी बाजूंना झुकून सलाम केला. टाळ्या पडल्या. खाली बसला आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाला, “काय लिवलंय रे?”

मला वाटलं, ह्यानं ओळखलं. ह्याला सगळं ऐकू गेलंय, माझाच हात आहे हे कळलंय, आणि आता तो ते माझ्याच तोंडून वदवून घेतोय, दर रविवारी वदवून घेतो तसं. चुलवाण भडकलं. बरं, म्हणालो मनात, घे. आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून, सगळी चिठ्ठी म्हणून दाखवली.

“पुन्यांदा सांग,” तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितली. आणखी सावकाश.

तो थोडा वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिला, ते हलायचे थांबल्यावरसुद्धा. मग म्हणाला, “झ्याक लिवलंय.” आणि हसला. सगळ्यांच्या नंतर, एकटाच.

संमेलनानंतरच्या सुट्टीवरून मी परत आलो तेव्हा पहिला बाक रिकामा होता. आठ दिवसांनीही. ना संगीत वाजलं, ना नावं आली. मोकळा बाक तेवढा राहिला. ऑफिसातून कळलं, त्यानं नाव काढलंय. मग कुणीतरी म्हणालं की तो दुबईला गेला, नातेवाइकाकडं. मी त्या बातमीला घट्ट धरलं. माझ्यावर रागावून गेला असेल ह्या विचारापेक्षा, माझ्यापेक्षा पुढं गेला, हा विचार मला सोसायला सोपा होता. जळायची मला सवय होती. एप्रिलच्या परीक्षेत मी इंग्रजीत वर्गात पहिला आलो. सरांनी माझं नाव घेतलं. मला वाटलं, तो असता तर दुसरा आलो असतो, आणि निकालाच्या कागदावरसुद्धा मला त्याचीच मान दिसली. दोन वर्षं राजारामपुरीतल्या त्या गल्लीतून मी गेलो नाही. काम असलं तर वळसा घालून जायचो. आणि चुकून कुणाच्या घरी टीव्हीवर विलायती हशा ऐकू आला तर पाय आपोआप भराभर पडायचे.

परवा मात्र जावं लागलं. संमेलनासाठी लागणारा कॉलेजचा अँप्लिफायर चाचांकडं दुरुस्तीला दिला होता, आणि तो आणायचं काम समितीनं मला सांगितलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

दुकान तसंच होतं. पडदा तोच. स्टुलावर कुणाचा तरी टीव्ही, टेस्टिंगला. चाचांनी हातात सोल्डरिंगची कांडी धरूनच वर पाहिलं.

“मारुती न्हवं तू? आरं लेका, काय वाट चुकलास? दोन वर्सं झाली. आत ये, बस.”

मी बसलो. अँप्लिफायर तयार होता, पण चाचा म्हणाले गरम हुंदे जरा. त्यांनी तो चालू करून ठेवला. आम्ही दोघं त्याची घरघर ऐकत बसलो. शेवटी मीच म्हणालो, “रशीद दुबईला बरा हाय न्हवं?”

“दुबई? कुणी सांगिटलं तुला? जयसिंगपुरात हाय त्यो, मामाच्या दुकानात. पाण्याच्या जळल्याल्या मोटारींत नवी तार भरतोय. हात लई बसलाय त्येचा. मोटार चालू करायची आन नुसता हात ठेवायचा वर. बेरिंग वाजतंय का कॉइल गेली, बरोब्बर सांगतोय. आता त्येला तेवढंच ऐकू येतंय न्हवं, हातानं.”

“म्हणजे?”

चाचांनी कांडी स्टँडवर ठेवली. “म्हणजे काय इचारतोयस? तुला तर आमच्या आधी म्हाईत. कान गेल्यात त्येचं. अकरावीपास्नंच कमी व्हत चाललं हुतं. आवाज यायचा म्हणं, पर शब्द सुटं व्हायचं न्हाईत. आन आम्हास्नी एका सबदानं बोलला न्हाय. तोंडाकडं बघून बघून वळखायचा समदं. मी गावाच्या रेडिओची नुसती घरघर ऐकून सांगतोय काय बिघाडलंय, आन माझ्या घरात, ह्या पडद्यामागं...” ते थांबले. अँप्लिफायरवर हात ठेवून बघितला, गरम झालाय का. “मिरजेला दाखवलं. मशीन बसवलं, पर उपेग न्हाय म्हणाले डाक्टर. उशीर झाला.”

चाचांनी अँप्लिफायरचं बटण बंद केलं.

“त्या गॅदरिंगच्या दिवशीच सांगिटलं त्यानं,” चाचा म्हणाले. “घरी आला, टीव्ही बंद केला, आन म्हणाला, अब्बा, माझं कान गेल्यात. समद्या कालेजाला कळलंय, मागनं हाक मारल्याली ऐकू येत न्हाय म्हणून चिठ्ठी लिवलीया कुणीतरी. आता झाकून काय उपेग? दुसऱ्या दिवशी नाव काढतो म्हणाला. मी म्हटलं, आरं पर दोस्त हाईत की तुझं. तर म्हणाला, हाय की एक. मारुतीला पयल्यापास्नं ठावं हुतं, पर कधी कुणाम्होरं बोलला न्हाय. दर ऐतवारी माझ्यासाठी ओठ हलवत बसायचा. आज समदी माझ्यावर हसत हुती, अब्बा, आन मी इचारलं काय लिवलंय, तर दुसरा कुणीबी ‘काय न्हाय’ म्हणून टाळला असता. त्यानं माझ्याकडं त्वांड करून, एकेक शब्द सुटा करून सांगिटलं. दोनदा.”